कागदावरची बांगडी : आपली मोडी, इजिप्तची चित्रं आणि चिनी अक्षरं

आजचं बोलणं सिद्धेश्वरच्या एका गटाच्या बैठकीपासून सुरू करतो.

हप्ते गोळा झाले होते, वहीवर सह्या झाल्या होत्या, चहा यायचा होता. तेवढ्यात एका मावशींनी पिशवीतून कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेला कागद काढला. सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत सापडलेला. घड्यांवर विरलेला, एका कडेला वाळवीने खाल्लेला. कागदावर आडव्या लांबच लांब रेघा आणि त्या रेघांना लटकलेली वळणावळणाची अक्षरं. सून म्हणत होती, कुणाला वाचता येत नाही तर ठेवायचा कशाला? मावशींचा जीव मात्र होत नव्हता टाकायला.

सातवीतली एक मुलगी आईसोबत आली होती. ती म्हणाली, "हे चिनी आहे का? आमच्या फवारणी पंपाच्या खोक्यावर असंच काहीतरी आहे." दुसरीला इजिप्तच्या भिंतींवरची चित्रं आठवली. मग कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "अगं, मोडी आहे ती. माझे वडील लिहायचे." पण वाचता त्यांनाही येईना. वडील लिहायचे, मुलीला कोण शिकवणार?

कागदाच्या तळाशी एक छोटं गोल होतं, शाईनं काढलेलं. बांगडीसारखं. त्या गोलावर आम्ही पुन्हा येणार आहोत. आधी त्या मुलीचा प्रश्न घेऊ, कारण प्रश्न चांगला आहे. चिनी अक्षरं, इजिप्तची चित्रं आणि आपली मोडी, यांत सारखं काय आणि वेगळं काय?

चित्रापासून सुरुवात करू. जुन्या मराठी कागदांवर ज्यांना लिहिता येत नव्हतं ते सहीच्या जागी आपल्या कामाची खूण काढायचे. शेतकऱ्याची खूण नांगर. म्हणून जुन्या कागदांत नावापुढे "निशाणी नांगर" असे शब्द सापडतात. आता विचार करा, नांगराच्या चित्रातून काय कळतं? माणूस शेतकरी आहे एवढं कळतं. पण कोणता शेतकरी? गावात शंभर नांगर. नाव सांगायचं तर चित्र कमी पडतं. म्हणून नांगराशेजारी कुलकर्ण्याला अक्षरांत नाव लिहावंच लागायचं.

हीच अडचण पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये आली. राजाचं नाव दगडावर कोरायचं होतं. राजाचं चित्र काढलं तर तो राजा आहे हे कळतं, नाव कळत नाही. मग तिथल्या लेखनिकांनी युक्ती केली. राजाचं नाव होतं नारमेर. त्यांच्या भाषेत मिशा असलेल्या एका माशाला म्हणायचे नार आणि छिन्नीला म्हणायचे मेर. त्यांनी मासा काढला, त्याखाली छिन्नी काढली. नार-मेर. राजाचा माशाशी काही संबंध नाही, छिन्नीशीही नाही. चित्र फक्त उच्चारापुरतं वापरलं. लिपीच्या गोष्टीतली सगळ्यात मोठी उडी हीच, असं आम्हाला वाटतं. चित्र बघायचं नाही, ऐकायचं.

आपल्या भाषेत करून बघू. "पूर्णेच्या तीरावर" असं चित्रात लिहायचं आहे. नदीचा तीर चित्रात दाखवणं अवघड. पण धनुष्याचा तीर सोपा. मग बाण काढायचा आणि वाचायचं "तीर". आता वाचणाऱ्याला प्रश्न पडेल, कोणता तीर? मारायचा की पोहून गाठायचा? म्हणून बाणाशेजारी पाण्याच्या लाटा काढायच्या. त्या लाटांचा उच्चार करायचा नाही. त्या फक्त सांगतात की गोष्ट पाण्याची आहे.

एक चित्र आवाजाचं, एक चित्र अर्थाचं. ही एवढी गोष्ट समजली की इजिप्तची लिपीही निम्मी समजली आणि चीनचीही. एकीची गुरू दुसरी नव्हे. मधे हजारो कोस, पण दोघींनी आपापल्या जागी हाच मार्ग काढला.

इजिप्तमध्ये घराचं साधं चित्र होतं, एका बाजूला दार उघडं ठेवलेला चौकोन. त्यात प आणि र असे दोन आवाज. नुसतं घर म्हणायचं तर त्या चौकोनाखाली एक उभी रेघ. पण "बाहेर पडणं" या शब्दातही तेच दोन आवाज. मग घर काढायचं, र पक्का करायला तोंडाचं चित्र काढायचं, कारण तोंड म्हणजे र, आणि शेवटी चालणारे दोन पाय. पाय दिसले की कळलं, इथे घर नाही, निघणं आहे. बाईचं नाव असेल तर शेवटी बसलेली बाई. आणि एक गंमत ऐका. त्यांच्या भाषेत बाईमाणसाच्या शब्दाला शेवटी त लागायचा, आणि त या आवाजाचं चित्र होतं पावाचा छोटा, अर्ध्या भाकरीसारखा तुकडा. बाई म्हटली की भाकरी आलीच, असं बैठकीत कोणीतरी म्हणालं आणि चहा येईपर्यंत हसणं चाललं.

चीनमध्ये "आई"चं अक्षर असंच जोडलेलं आहे. डावीकडे बाईची खूण, उजवीकडे घोड्याची. आईचा घोड्याशी काय संबंध? काहीच नाही. घोड्याला तिकडे "मा" म्हणतात आणि आईलाही "मा". फक्त सूर वेगळा. बाईची खूण सांगते की शब्द बाईमाणसाचा आहे, घोडा सांगतो की "मा" म्हणा. बहुतेक चिनी अक्षरं अशीच आहेत, अर्धं अंग अर्थाचं, अर्धं आवाजाचं. सगळी चिनी अक्षरं म्हणजे चित्रंच, हा समज चुकीचा.

काही अक्षरांत मात्र दोन्ही अंगं अर्थाचीच. छपराखाली बाई काढली की "शांतता". बाई आणि मूल शेजारी काढलं की "चांगलं". आणि "बायको" या अर्थाचं जुनं अक्षर आहे बाई आणि तिच्याजवळ झाडू. ते कोणी ठरवलं असेल हे वेगळं सांगायला नको.

पण ते झाडूवालं अक्षर वाचून गप्प बसू नका. चीनमध्ये सापडलेलं सगळ्यात जुनं लिखाण बैलांच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवांच्या पाठी-पोटाच्या कवचांवर आहे. आन्यांग नावाच्या गावाजवळ, इसवी सनाच्या साधारण 1200 वर्षं आधीचं. राजा देवाला कौल लावायचा, पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, आणि प्रश्न हाडावर कोरून ठेवायचा. त्या हाडांवर एका राणीचं नाव पुन्हा पुन्हा येतं, फू हाओ. यातलं "फू" म्हणजेच ते झाडूचं अक्षर. ही झाडूवाली राणी फौज घेऊन लढायला जायची. ती गरोदर असताना राजाने कौल लावला, बाळंतपण चांगलं होईल का? नंतर खाली निकाल कोरला आहे की चांगलं झालं नाही, मुलगी झाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडावर! 1976 साली फू हाओची कबर सापडली, आणि ती खोदून काढणाऱ्या पथकाच्या प्रमुख एक बाई होत्या, झेंग झेनशियांग. कबरीत शेकडो काशाच्या वस्तू होत्या, त्यात लढाईच्या कुऱ्हाडी.

आता फरक. इजिप्तची लिपी स्वर लिहीत नव्हती. प आणि र लिहिलं, मधला स्वर वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालायचा. आपल्याकडे असं काही आहे का? आहे. आपला हिंगोली भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चालायचा. उर्दू लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा गाळतात. ज्याला भाषा येते त्याला अडत नाही. पण आपल्या गावांची आणि माणसांची नावं त्या कागदांत वाचताना चांगला जाणकारही क्षणभर थांबतो.

चिनी अक्षराचं वेगळंच. एक अक्षर म्हणजे आख्खा उच्चार आणि बहुतेक वेळा आख्खा अर्थ. त्यामुळे एक मोठा फायदा झाला. 5 हा आकडा बघा. आपण म्हणतो पाच, नांदेडच्या पलीकडे तेलंगणात म्हणतात ऐदु, इंग्रजी शाळेतलं पोर म्हणतं फाइव्ह. आकडा एकच, तोंडं वेगळी. चीनच्या उत्तरेचा माणूस आणि दक्षिणेचा माणूस बोलायला लागले तर एकमेकांचं कळत नाही, पण कागदावर लिहिलं की बरंच कळतं. एवढा मोठा देश एका लिपीने बांधून ठेवला. त्याची किंमतही आहे, पाठांतर. इजिप्तच्या जुन्या लेखनिकाला सातशेच्या आसपास खुणा पुरायच्या. चीनमध्ये खेड्यातला माणूस साक्षर म्हणायचा तर त्याला 1500 अक्षरं आली पाहिजेत, असा सरकारी नियम केला गेला. आपल्या बाराखडीला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आता मोडीकडे येऊ. मोडी ही काही वेगळी भाषा नाही. भाषा मराठीच. आपण आज लिहितो ती बाळबोध, म्हणजे देवनागरी. पोथी बाळबोधीत, हिशेब मोडीत, अशी वाटणी होती. बाळबोधीत प्रत्येक अक्षराला हात उचलावा लागतो. खतावणी लिहिणाऱ्याला, हुकूम लिहिणाऱ्याला एवढा वेळ कुठला? म्हणून आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं त्या रेघेखाली वळवत न्यायची. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याने मोडी सुरू केली असं परंपरेने सांगतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही.

इजिप्तमध्येही हीच वाटणी होती. देवळाच्या भिंतीवर पक्षी, डोळे, साप अशी रेखीव चित्रं. पण धान्याचा हिशेब, पत्र, मजुरी लिहायची तर त्याच चित्रांची धावती लिपी, गवताच्या काडीने आणि काजळीच्या शाईने, लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर. त्यात घुबडाचं नुसतं एक वळण उरायचं. ती त्यांची मोडीच म्हणा. चीनमध्येही शिक्क्याची अक्षरं वेगळी, कारकुनाची वेगळी आणि घाईची त्याहून वेगळी. जिथे कारकून आला तिथे लिपी धावायला लागली.

धावली की अडखळणंही आलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहीत नाहीत. सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, मोडीत दोन्ही एकच. शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत. "दोनशेतीनबैल" असं सलग लिहिलं तर दोनशे तीन बैल वाचायचं की दोन शेती न् बैल? उदाहरण ओढूनताणून आणलंय, मान्य. पण वाटणीच्या कागदात असा प्रश्न पडला तर हसू येणार नाही.

मग इजिप्तची लिपी मेली आणि चीनची जगली, असं का झालं? अवघड होती म्हणून मेली, असं पटकन वाटतं. पण चीनची काही सोपी नाही. इजिप्तमध्ये राज्य आधी ग्रीकांचं झालं, मग रोमनांचं. कचेरीत ग्रीक चालू लागलं. पोराला जुनी लिपी शिकवून नोकरी मिळेना. उरली फक्त देवळं आणि पुजारी. मग ख्रिस्ती धर्म आला, देवळं बंद पडत गेली. लोक भाषा तीच बोलत होते, पण ती ग्रीक अक्षरांत लिहू लागले. चित्रलिपीतला शेवटचा लेख नाईल नदीतल्या फिले बेटावर, आयसिस देवीच्या देवळात आहे, 24 ऑगस्ट 394 या दिवसाचा. त्यानंतर जवळजवळ चौदाशे वर्षं भिंती डोळ्यांसमोर उभ्या होत्या आणि वाचणारं कोणी नव्हतं. जाता जाता सांगतो, त्या फिलेच्या देवळालाही आपल्यासारखंच धरण आडवं आलं. अस्वानच्या धरणांच्या पाण्यात ते बुडत होतं. 1970 नंतरच्या दहा वर्षांत दगडन् दगड सुटा करून ते शेजारच्या उंच बेटावर उभं केलं. सिद्धेश्वरच्या बायकांना हे वेगळं समजावायला नको.

लिपी पुन्हा उलगडली ती एका दगडामुळे. 1799 साली फ्रेंच सैनिकांना रशीद गावाजवळ एक शिळा सापडली. त्यावर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत, वर चित्रलिपी, मधे धावती लिपी, खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होतं. शाम्पोलियों नावाच्या फ्रेंच माणसाने राजा टॉलेमी आणि राणी क्लिओपात्रा यांची नावं शेजारी ठेवून अक्षरं जुळवली. दोन्ही नावांत प, ल, ओ येतात, तिथे चित्रंही तीच यायला हवीत. राणीच्या नावाशेवटी तो भाकरीचा तुकडाही होता. 1822 मध्ये त्याने आपला शोध जाहीर केला. इथेही नावानेच काम केलं बघा.

चीनमध्ये राजे बदलले, बाहेरून आलेले बादशहाही झाले, पण नोकरीची परीक्षा त्याच अक्षरांत राहिली, 1905 पर्यंत. पोरं शिकत राहिली. पोरं म्हणजे मुलगे. मुलींना कोण शिकवणार, हा प्रश्न तिकडेही होताच. हूनान प्रांतातल्या जियांगयोंग भागातल्या बायकांनी यावर स्वतःच उत्तर काढलं. पुरुषांच्या अक्षरांतून घेतलेली, पण बारीक, तिरकी, लांबट अशी आपली लिपी केली, नूशू, म्हणजे बायकांचं लिखाण. तिच्यात चित्र-अर्थाची भानगड नाही, एक खूण एक उच्चार, आपल्या बाराखडीच्या जवळची. आई, मावशी, मैत्रीण यांच्याकडून शिकायची. मैत्रीण लग्न होऊन सासरी गेली की तिसऱ्या दिवशी तिला कापडी बांधणीची वही पाठवायची, त्यात निरोप आणि गाणी. पंख्यांवर लिहायचं, कापडावर भरायचं. ती बाई गेली की वह्या तिच्यासोबत जाळायच्या किंवा पुरायच्या, म्हणून जुन्या फार थोड्या उरल्या. मुली शाळेत जायला लागल्या, नूशूची गरज सरली. परंपरेने ती शिकलेल्या शेवटच्या मानल्या जाणाऱ्या यांग हुआनयी 2004 साली वारल्या. शाळेमुळे गेली, म्हणून वाईट वाटून घ्यायचं की आनंद मानायचा, आमच्यात यावर अजून एकमत नाही.

मोडीचं जाणं यापेक्षा साधं. छापखान्यात बाळबोध स्थिरावली. मुंबई इलाख्याच्या सरकारने 1917 साली कारभारासाठी बाळबोध पसंत केली. आपल्याकडे तर कचेरीत उर्दूच होती. घराघरांत, दुकानांत मोडी आणखी काही वर्षं चालली. स्वातंत्र्यानंतर शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे संपत आले. पण कागद संपले नाहीत. 2023 साली मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की दप्तरं आहेत, पण मोडी आणि उर्दू वाचणारे हात बोटांवर मोजण्याइतके. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. चिकाटीने बसलं तर काही आठवड्यांत अक्षरं लागू लागतात, असं शिकलेले सांगतात. भाषा आपलीच ना.

आता मावशींचा कागद. आम्ही तो मोडी शिकवणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे नेला. त्यांनी भिंग लावून, बोटाने रेघ धरून वाचला. वर्ष फसली होतं. फसली सनात साधारण 590 मिळवले की आपलं इसवी सन येतं, निजामाकडचे जुने कागद असतील तर हे लक्षात ठेवा. मजकूर असा, की एका विहिरीच्या पाण्याची निम्मी पाळी विकत घेतली आणि त्याचे पैसे घरातल्या सुनेच्या अंगावरची पुतळ्यांची माळ मोडून दिले. ती सून म्हणजे मावशींच्या आजेसासूबाई. घरात आजवर सांगत आले की विहिरीचा वाटा आजेसासऱ्यांनी मिळवला. खाली साक्षीदारांची नावं, दोन नांगर, आणि ते गोल. गोलाशेजारी अक्षरांत त्या बाईचं नाव आणि पुढे "निशाणी बांगडी".

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी गुरुजींना विचारलं, यातलं नाव नेमकं कुठून कुठपर्यंत आहे? गुरुजींनी दाखवलं. त्यांनी ते नाव गटाच्या वहीच्या मागच्या पानावर, रेघ ओढून, तसंच्या तसं उतरवून घेतलं. पाळीवरून भावकीत सध्या कुरबुर आहे. कागदाचा तिथे किती उपयोग होतो ते वकील बघतील.

तुमच्या पेटीत, माळ्यावर, देवघराच्या फळीवर असा कागद असेल तर एवढं करा. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि मग ते निघत नाही. एका घरी हे झालेलं आम्ही पाहिलं, अक्षरं तपकिरी डाग होऊन गेली. चिकटपट्टीही लावू नका. घडी हलक्या हाताने उघडा, सावलीतल्या उजेडात मोबाईलवर सरळ वरून फोटो काढा, मागच्या बाजूचाही, कारण तारीख किंवा शिक्का तिथे असू शकतो. कागद धुतलेल्या कोरड्या सुती कापडात सपाट ठेवा, ओलीपासून आणि वाळवीपासून लांब. अस्सल कागद कुणालाही देऊन टाकू नका. वाचायला द्यायचा तर समोर बसा. आणि वाचून घेताना बाळबोधीत उतारा करून त्यावर वाचणाऱ्याचं नाव, सही, तारीख घ्या. कोर्टकचेरीत लागणार असेल तर उतारा कोणाकडून केलेला चालेल हे आधी वकिलाला विचारा.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी गुरुजी सिद्धेश्वरला येणार आहेत. बैठकीच्याच जागी. उर्दू वाचणाऱ्या एक शिक्षिकाही यायला तयार झाल्या आहेत. फोटो किंवा झेरॉक्स आणा, अस्सल घरी ठेवा. आणि त्या सातवीतल्या मुलीला आम्ही सांगून ठेवलंय, पंपाचं खोकं घेऊन ये.